आधी तांब्याकडे बघा: कणवेगवर्धकांचा निधी ठरवणाऱ्या समित्यांना खुलं पत्र

मा. सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापुढे येणाऱ्या प्रस्तावांच्या गठ्ठ्यात तांब्याच्या कॅव्हिटीवर, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या पोकळ नळीवर, आतून अतिसंवाहक धातूचा पातळ थर चढवण्याचा एखादा तरी प्रस्ताव असतोच. त्यात एक आलेख हमखास असतो. आडव्या अक्षावर ग्रेडियंट (दर मीटरला कणांना वेग देणारं क्षेत्र), उभ्यावर क्यू (तो जितका मोठा तितकी भिंतीत कमी ऊर्जा वाया जाते), आणि डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली ठिपक्यांची रांग. आपण त्या रांगेचं उजवं टोक बघता, शेजारी भरीव नायोबियमच्या (म्हणजे सगळी भिंतच त्या धातूची असलेल्या) कॅव्हिटीचा आलेख ठेवता आणि विचारता, "हे तिथपर्यंत कधी पोचणार?" मी थर चढवणाऱ्यांपैकी एक आहे. या प्रश्नाचं उत्तर देण्याऐवजी मला तो प्रश्नच बदलून मागायचा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. थरांच्या संशोधनाला मिळालेला पैसा बहुतेक वेळा कोटिंगच्या नव्या यंत्रावर आणि एखाद्या विक्रमी कॅव्हिटीवर जातो. थर ज्याच्यावर बसतो ते तांबं, आणि तोच थर दहाव्यांदाही तसाच बसतो का हे तपासणं, या दोन बाबींना मात्र अंदाजपत्रकात पहिली कात्री लागते. मग निकाल हाती आले की आपण म्हणता, थरांमध्ये सातत्य नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ज्या सदस्यांचा या विषयाशी रोजचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. कॅव्हिटी म्हणजे ठरावीक अंतराने फुगत गेलेली धातूची पोकळ नळी. आत निर्वात. तिच्यात रेडिओ लहरी सोडल्या की मधल्या अक्षावर तीव्र विद्युतक्षेत्र तयार होतं आणि कणांचे पुंजके त्यातून जाताना ऊर्जा घेतात. त्याच लहरींचं चुंबकीय क्षेत्र भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावर प्रवाह खेळवतं. भिंत साध्या तांब्याची असेल तर या प्रवाहाने ती इतकी तापते की मोठं क्षेत्र अखंड चालवणं परवडत नाही. म्हणून नायोबियम. सामान्य दाबाखाली सगळ्या मूलद्रव्यांत याचंच अतिसंवाहकतेचं संक्रमण तापमान (ज्याच्या खाली विद्युतरोध जवळजवळ नाहीसा होतो ते) सर्वांत वरचं आहे, सुमारे ९.२ केल्विन.

पण अतिसंवाहक नायोबियममध्ये हे चुंबकीय क्षेत्र शिरतं किती? साधारण ४० नॅनोमीटर. रेडिओ लहरींच्या लेखी कॅव्हिटी म्हणजे आतल्या बाजूचे पहिले एक-दोनशे नॅनोमीटर, बस. भिंत मात्र जवळजवळ ३ मिलिमीटर जाडीची असते. एवढ्या सगळ्या महागड्या, अतिशुद्ध धातूकडे काम उरतं ते आकार टिकवण्याचं आणि उष्णता पलीकडच्या द्रव हेलियमपर्यंत पोचवण्याचं. त्यातलं उष्णता पोचवण्याचं काम तांबं कितीतरी चांगलं करतं. ४ केल्विनच्या आसपास चांगल्या तांब्याची उष्णतावाहकता कॅव्हिटीच्या दर्जाच्या नायोबियमच्या कित्येक पट असते. पृष्ठभागावर कुठे सूक्ष्म दोष असला तर भरीव नायोबियममध्ये तिथली उष्णता साचून कॅव्हिटी क्वेंच होऊ शकते, म्हणजे तिची अतिसंवाहकता एकाएकी जाऊ शकते. तांब्यावर ती लगेच पसरून जाते. म्हणजे दोन-तीन मायक्रोमीटर नायोबियम आणि त्यामागे तांबं, हा हिशेब कागदावर तरी बिनतोड आहे.

हा हिशेब नवाही नाही. १९६५ मध्ये स्टॅनफर्डला अतिसंवाहक कॅव्हिटीत इलेक्ट्रॉनांना पहिल्यांदा वेग दिला गेला तो तांब्यावर शिशाचा थर दिलेल्या कॅव्हिटीतच. १९८० च्या सुमारास जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत क्रिस्टोफोरो बेनवेनुती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्यावर नायोबियम स्पटर करायला, म्हणजे वायूच्या आयनांच्या माऱ्याने नायोबियमचे अणू उडवून तांब्यावर बसवायला, सुरुवात केली. त्यातून पुढे एलईपी या सर्नच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्राच्या दुसऱ्या टप्प्यासाठी ३५२ मेगाहर्ट्झच्या, चार-चार कप्प्यांच्या (फुगवट्यांच्या) पावणेतीनशेच्या आसपास कॅव्हिटी तयार झाल्या. ६ मेगाव्होल्ट प्रति मीटरसाठी बेतलेल्या या कॅव्हिटी २००० साली, एलईपीच्या शेवटच्या वर्षात, सरासरी ७ च्या वर चालवल्या गेल्या आणि इलेक्ट्रॉनांचा झोत १०४ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे गेला. आज त्याच बोगद्यातल्या एलएचसीत प्रोटॉनांना वेग देणाऱ्या सोळाच्या सोळा कॅव्हिटी तांब्यावर नायोबियमच्याच आहेत. "हे अजून प्रयोगशाळेतलं तंत्र आहे" असं वाक्य समितीच्या अभिप्रायात दिसलं की मला हा सगळा इतिहास पुन्हा लिहून पाठवावासा वाटतो. आता पाठवलाच आहे.

मग अडतं कुठे? त्या उतरत्या रांगेत. भरीव नायोबियमची चांगली कॅव्हिटी घेतली तर क्षेत्र वाढवत नेलं तरी क्यू बराच काळ जागचा हलत नाही. थराच्या कॅव्हिटीत तो सुरुवातीला छान असतो, कधी भरीवपेक्षाही चांगला, आणि क्षेत्र वाढलं की घसरायला लागतो. कारणांबद्दल वाद आहेत. कोणी थरातल्या स्फटिककणांच्या सीमांकडे (कणसीमांकडे) बोट दाखवतं, कोणी थर आणि तांब्यामधल्या उष्णतेच्या अडथळ्याकडे, कोणी अडकलेल्या हायड्रोजन-आर्गॉनकडे, कोणी खडबडीतपणाकडे. माझं मत विचाराल तर या वादात जो तो आपल्याकडे असलेल्या उपकरणाला दिसेल ते कारण धरून बसलाय.

आणि या घसरणीमुळे थर बाद होतात असं मानणं ही आपल्या मूल्यमापनातली पहिली गफलत. ज्या यंत्राला कमीत कमी लांबीत जास्तीत जास्त ऊर्जा हवी आणि जे स्पंदांमध्ये चालतं, तिथे भरीव नायोबियमच योग्य. हॅम्बुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेझर यंत्रात तशा साडेसातशेहून जास्त कॅव्हिटी उत्तम चालतायत आणि त्यांच्या जागी थर आणा असं मी म्हणणार नाही. पण वर्तुळाकार यंत्रांत, किंवा जिथे झोत अखंड चालतो तिथे, आपल्याला ग्रेडियंटचं टोक नको असतं. तिथे प्रश्न असतो थंडाव्याच्या बिलाचा.

ते बिल जरा उलगडून बघू. २ केल्विनला निर्माण झालेली १ वॉट उष्णता खोलीच्या तापमानापर्यंत उपसून टाकायला आदर्श यंत्रालाही जवळपास १५० वॉट लागतात. खरी यंत्रं आदर्श नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा ७०० ते १,००० च्या घरात जातो. ४.५ केल्विनला आदर्श आकडा सुमारे ६६ आणि प्रत्यक्षातला अडीचशेच्या आसपास. शिवाय २ केल्विनसाठी हेलियम सुमारे ३० मिलिबारपर्यंत खाली खेचून ठेवावा लागतो. म्हणजे वातावरणापेक्षा कमी दाबाची मोठी नळव्यवस्था, थंड कॉम्प्रेसर, आणि बारीकशी गळती झाली तरी हवा आत येण्याची धास्ती. ४.५ केल्विनला दाब वातावरणापेक्षा थोडा वरच असतो. ज्यांनी ही यंत्रणा रात्रपाळीत सांभाळली आहे त्यांना हा फरक आकड्यांशिवायही कळतो.

अतिसंवाहकाचा पृष्ठरोध (रेडिओ प्रवाहाला पृष्ठभागाकडून होणारा रोध, ज्यातून उष्णता निर्माण होते) वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १.३ गिगाहर्ट्झऐवजी ४०० मेगाहर्ट्झ घेतलं तर तो दहापटीहून कमी होतो आणि ४.५ केल्विन पुरतं. पण वारंवारिता खाली आली की कॅव्हिटी मोठी होते, आणि मोठी कॅव्हिटी भरीव नायोबियमची करायची तर पत्र्याचा खर्च डोळे पांढरे करतो. इथे तांब्यावरच्या थराला तोड नाही. सर्नच्या प्रस्तावित ९० किलोमीटरच्या वर्तुळाकार इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रासाठीही ४०० मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटी तांब्यावर नायोबियमच्या धरल्या आहेत, त्या उगाच नव्हे. आणखी एक फायदा प्रस्तावांत फारसा लिहिला जात नाही. स्पटर केलेला थर अडकलेल्या चुंबकीय क्षेत्राला भरीव नायोबियमइतका हळवा नसतो. एलईपीच्या कॅव्हिटींना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापासून वाचवण्यासाठी वेगळं कवच घालावं लागलं नव्हतं.

तेव्हा थराच्या कॅव्हिटीला विचारायचा प्रश्न असा: ज्या तापमानाला आणि ज्या ग्रेडियंटला यंत्र चालणार, तिथे क्यू किती, आणि ओळीने केलेल्या दहा कॅव्हिटींपैकी किती तिथे पोचतात?

आता थर कसा वाढतो त्याकडे येतो, कारण तांब्याचा मुद्दा तिथूनच निघतो.

नायोबियम २,४७७ अंश सेल्सियसला वितळतं. आपण थर चढवतो तो बहुतेक वेळा दीडशे-दोनशे अंशांना, कारण तांबं त्याहून फार तापवलं की मऊ पडून आकार सोडायला लागतं. केल्विनमध्ये मांडलं तर वाढीचं तापमान वितळबिंदूच्या जेमतेम १५ टक्के. या तापमानाला पृष्ठभागावर येऊन पडलेला अणू जिथे पडला तिथेच थिजतो. सरकून बरी जागा शोधायची ताकद त्याच्यात नसते. थर कोणत्या परिस्थितीत कसा वाढतो याचा नकाशा १९७४ मध्ये थॉर्नटन यांनी मांडला, त्यात हा भाग सच्छिद्र, खांबासारख्या कणांचा. आपण मुद्दाम सगळ्यात वाईट कोपऱ्यात काम करतो असंच म्हणा ना.

त्यात कॅव्हिटीचा आकार. नायोबियमची कॅथोड नळी अक्षावर मधोमध उभी, आणि भोवती फुगलेली भिंत. फुगवट्याच्या मध्यावर अणू सरळ येऊन पडतात, उतारांवर मात्र तिरके. पावसाची तिरकी सर भिंतीवर आली की प्रत्येक उंचवट्यामागे कोरडा पट्टा राहतो, तसंच इथे नॅनोमीटरच्या मापात होतं: एक कण जरा वर आला की त्याच्या मागच्या सावलीत अणू पोचतच नाहीत. अशा जागचा तुकडा कापून, आयनांच्या झोताने त्याचा छेद घासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. खांब कॅथोडच्या दिशेने कललेले दिसतात, आणि दोन खांबांमध्ये काळ्या रेघा. त्या रेघा म्हणजे मोकळी जागा. तिथे पुढे ऑक्सिजन जाऊन बसतो आणि अतिसंवाहक प्रवाहाला प्रत्येक कणसीमेवर अडखळायला लावतो.

यावरचा उपाय बराचसा हाती आलाय. तापमान वाढवता येत नसेल तर येणाऱ्या कणाची ऊर्जा वाढवायची. स्पटरिंगची वीज सतत न देता काही दहा मायक्रोसेकंदांच्या जोरदार स्पंदांमध्ये दिली, की स्पंदाच्या काळात कॅथोडवर दर चौरस सेंटिमीटरला किलोवॉटच्या घरात शक्ती जाते आणि नायोबियमचे बरेच अणू आयन होऊन बाहेर पडतात. यालाच आम्ही हिपिम्स म्हणतो. आयनांना विद्युतभार असतो. तांब्याला काही दहा व्होल्ट ऋण विद्युतदाब (बायस) दिला की ते शेवटच्या टप्प्यात वळून भिंतीवर जवळपास काटकोनात आदळतात, उतारावरसुद्धा. खांबांमधल्या फटी मिटतात, थर घट्ट होतो. नेहमीच्या स्पटरिंगएवढ्याच सरासरी शक्तीला थर मात्र सावकाश चढतो, आणि बायस फार वाढवला तर आर्गॉन थरात रुतून बसतो. म्हणून काही गट आर्गॉनऐवजी जड क्रिप्टॉन वापरून बघतायत.

आपल्या समित्यांना हिपिम्स आवडतं हे माझ्या लक्षात आलंय. नवं यंत्र, नवा वीजपुरवठा, फोटोत जांभळा प्लाझ्मा. निधी मिळतोही. पण पी हळद नि हो गोरी या हिशेबाने यंत्र आलं की दुसऱ्या वर्षी विक्रमी आलेख मागितला जातो, आणि कोटिंगसाठी तांब्याच्या कॅव्हिटी कुठून आणायच्या हे कोणी विचारलेलं नसतं.

तर तांबं. दोन अर्धे कप दाबून घडवायचे आणि मधल्या विषुववृत्तावर इलेक्ट्रॉन झोताने वेल्ड करायचे, ही सर्वांत रुळलेली पद्धत. वेल्डची रेघ नेमकी अशा पट्ट्यात येते जिथे चुंबकीय क्षेत्र सर्वांत जास्त. वेल्डमध्ये सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यानंतर आतला पृष्ठभाग गुळगुळीत करायला रासायनिक किंवा विद्युत-पॉलिशिंग होतं. विद्युत-पॉलिशिंगसाठी फॉस्फोरिक आम्ल आणि ब्युटेनॉल. आम्लाचा कण त्या पोकळीत शिरला की कितीही पाण्याने धुवा, तो आतच बसतो. कोटिंगच्या आधी कॅव्हिटी निर्वातात तापवतात तेव्हा तो बाहेर झिरपतो आणि तिथे डाग पडतो, साध्या डोळ्यांना दिसणारही नाही असा. त्या डागावर थर चढतो. दिसायला एकसारखा, करडा-चंदेरी, कुठे रेघ नाही.

मग उच्च दाबाने धुणं. अतिशुद्ध पाण्याच्या बारीक धारा, १०० बारच्या आसपास, कॅव्हिटीच्या आत गोल फिरत खालीवर जातात. पाणी ज्या गाळणीतून बाहेर पडतं ती काढून दिव्याखाली धरली की कधीकधी तिच्यावर पापुद्र्याचे चकाकणारे बारीक तुकडे दिसतात, दीड-दोन मिलिमीटरचे. एका बाजूने करडे, दुसऱ्या बाजूने तांबूस. तांबूस बाजू म्हणजे थराने सुटताना तांब्याची कातडीही सोबत आणली. थर आणि तांबं नीट चिकटलेले होते, पण तांब्याची वरची साल आतून सैल होती. तुकडा दोन्ही बाजूंनी करडाच असेल तर थर चिकटलाच नव्हता. हे बघायला लाखो रुपयांचं उपकरण लागत नाही, एक भिंग आणि ते वापरणारा अनुभवी तंत्रज्ञ लागतो. आणि त्या तंत्रज्ञाचं पद हे प्रकल्पाच्या मुदतीबरोबर संपणारं असतं, हाही आपल्याच अटींचा परिणाम.

तांबं सुधारलं तर काय होतं याचं उदाहरण समोर आहे. सर्नच्या एचआयई-आयसोल्डे या यंत्रातल्या वीसेक कॅव्हिटी १०१ मेगाहर्ट्झच्या, पाव-तरंगी प्रकारच्या, तांब्यावर नायोबियमच्या. सुरुवातीच्या तांब्याच्या घडणीत वेल्ड होता आणि त्याच्या आसपासच्या दोषांनी बराच त्रास दिला. नंतर एकाच तांब्याच्या ठोकळ्यातून, वेल्डशिवाय कोरून काढलेल्या कॅव्हिटी आल्या आणि क्षेत्र वाढल्यावर होणारी घसरण स्पष्टपणे कमी झाली. कोटिंगची कृती मुळात तीच. म्हणजे ज्या घसरणीसाठी आपण वर्षानुवर्षं थराला बोल लावत होतो, तिचा मोठा हिस्सा खालच्या तांब्याच्या नावावर होता. लंबवर्तुळी, म्हणजे वर सांगितलेली फुगवट्यांची, कॅव्हिटी ठोकळ्यातून कोरणं अवघड. तिच्यासाठी नळी फिरवत दाबून घडवणं किंवा द्रवाच्या दाबाने फुगवणं असे मार्ग आहेत. हे मार्ग पक्के करायला साचे लागतात, वाया जाणाऱ्या नळ्या लागतात, धातुशास्त्रज्ञ लागतात. अशा कामातून विक्रमी आलेख निघत नाही, शोधनिबंधही दुय्यम नियतकालिकात जातो. म्हणून ते कोणी प्रस्तावातच मांडत नाही.

पुढच्या पिढीचे थर तांब्यावर आणायचे तर तांब्याकडे दुर्लक्ष करून चालणारच नाही. नायोबियम-टिन हे संयुग १८ केल्विनला अतिसंवाहक होतं, नायोबियमच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे ४.५ केल्विनलाही त्याचा पृष्ठरोध फार कमी. आज ते भरीव नायोबियमच्या कॅव्हिटीतच, भट्टीत १,१०० अंशांच्या आसपास टिनची वाफ सोडून बनवलं जातं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने हे जुनं तंत्र पुन्हा उभं केलं, आणि तिथल्याच फर्मीलॅब या प्रयोगशाळेत १.३ गिगाहर्ट्झच्या एक-कप्पी कॅव्हिटीत २४ मेगाव्होल्ट प्रति मीटरपर्यंत मजल गेली. द्रव हेलियमशिवाय, नुसत्या क्रायोकूलरला (विजेवर चालणाऱ्या अतिशीत यंत्राला) जोडून थंड केलेल्या कॅव्हिटीही त्यातून चालवून दाखवल्या गेल्या. पण तांबं १,०८५ अंशांनाच वितळतं, म्हणजे हा मार्ग तांब्याला बंद. तिथे स्पटरिंगच हवं, आणि तेही ६००-७०० अंशांच्या आसपास, नाहीतर योग्य स्फटिकरचना जमत नाही. त्या तापमानाला टिनला तांब्यात शिरायचा मोह आवरत नाही. म्हणून मध्ये अडथळ्याचा वेगळा थर. शिवाय खोलीच्या तापमानापासून ४ केल्विनपर्यंत थंड होताना तांबं ०.३ टक्क्याहून जास्त आक्रसतं, नायोबियम त्याच्या निम्म्याहूनही कमी. वरचा थर दाबाखाली येतो, आणि नायोबियम-टिन ठिसूळ, ताणाला हळवं. त्याचं संक्रमण तापमान घसरतं. दोन वेगळे धातू एकत्र असल्यामुळे थंड होताना तापमानातल्या फरकाने प्रवाह सुरू होतात आणि त्यांचं चुंबकीय क्षेत्र थरात अडकतं, तेव्हा संक्रमणातून जाताना सगळी कॅव्हिटी सावकाश, एकसारखी थंड करावी लागते. अतिसंवाहक, विद्युतरोधक, पुन्हा अतिसंवाहक अशा नॅनोमीटरी थरांची चळत लावून नायोबियमची मर्यादा ओलांडायची गुरेविच यांची २००६ ची कल्पनाही आहे. ती मोहक आहे. पण खालचा पृष्ठभाग खडबडीत असेल तर वीस नॅनोमीटरच्या विद्युतरोधकाचं काय होईल ते सांगायला नको.

मोजणीबद्दल एक तक्रार करतो आणि मग मागण्यांकडे येतो. प्रस्तावांत "संक्रमण तापमान ९.५ केल्विन, भरीव नायोबियमपेक्षाही जास्त" असं वाक्य आलं की परीक्षक खूश होतात. तांब्यावरच्या नायोबियमच्या थरात हा वाढीव आकडा नेहमी येतो, कारण थर दाबाखाली, म्हणजे अंतर्गत ताणात, असतो. ती गुणवत्तेची खूण नाही, ताणाची आहे. तसंच सपाट साक्षी-नमुन्यावरचा (कोटिंगच्या वेळी सोबत ठेवलेल्या छोट्या तुकड्यावरचा) अवशिष्ट-रोधाचा, म्हणजे थराच्या शुद्धतेचा, आकडा. नमुना कॅथोडसमोर सरळ ठेवलेला असतो. कॅव्हिटीच्या उतारावर काय झालं ते त्याला माहीत नसतं. सपाट नमुन्याचा पृष्ठरोध खऱ्या रेडिओ क्षेत्रात मोजणारी क्वाड्रुपोल रेझोनेटरसारखी उपकरणं सर्न आणि बर्लिनच्या हेल्महोल्ट्झ केंद्रात आहेत. तिथे रांग लागते, कारण अशी उपकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. नमुना तिरका ठेवून कोटिंग करावं आणि तोच अशा उपकरणात मोजावा, एवढं साधं काम वेळ मिळत नाही म्हणून राहून जातं.

मागण्या अशा. पातळ थरांच्या प्रस्तावांत तांब्याची घडण आणि पृष्ठभागाची तयारी यांसाठी वेगळं, न कापता येणारं शीर्षक ठेवा. माझ्या अंदाजाने ते निम्म्याच्या आसपास असायला हवं. हा आकडा ऐकून भुवया उंचावतील याची मला कल्पना आहे, पण एक कोटिंग यंत्र पंधरा वर्षं चालतं आणि तांब्याची कॅव्हिटी काही फेऱ्यांत संपते. खराब थर रसायनाने उतरवून तेच तांबं पुन्हा वापरता येतं, हा या तंत्राचा मोठा फायदा. एलईपीच्या वेळी तो भरपूर वापरला गेला. पण दर फेरीला थोडं तांबं जातं आणि पृष्ठभाग बदलतो. तेव्हा उतरवणं-चढवणं हा प्रकल्पाचा अपेक्षित खर्च म्हणून मंजूर करा, अपयशाची भरपाई म्हणून नको. वार्षिक अहवालात सर्वोत्तम आलेखाबरोबर बाकी सगळ्या कॅव्हिटींचे आलेख जोडण्याची सक्ती करा, बिघडलेल्यांचेही, सोबत तांबं कोणत्या पद्धतीचं होतं ते लिहून. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे असे आलेख एका जागी आले तर घसरणीच्या कारणांवरचा तो जुना वाद बराच पुढे सरकेल; आज प्रत्येकाच्या कपाटात त्याचे तुकडे पडून आहेत.

आणि भिंग हाती धरणाऱ्या त्या तंत्रज्ञाचं पद प्रकल्पाच्या मुदतीपासून सोडवा. पॉलिशिंगच्या टाकीत प्रवाहाचा आलेख कुठे सपाट होतो, तांब्याचा रंग कधी बदलतो, कधी थांबायचं, हे ज्याला कळतं तो माणूस गेला की पुढची दोन वर्षं नव्या माणसाला तेच शिकण्यात जातात, आणि तेवढ्या काळातले सगळे थर संशयास्पद ठरतात.

पुढच्या फेरीच्या अर्जाचा नमुना अजून छापला गेलेला नसेल. त्यात 'तांब्याचा उगम, घडण आणि पृष्ठभाग तयारी' असा एक रकाना, आणि त्याच्या खाली 'कार्यकारी तापमान आणि ग्रेडियंटला क्यू, सर्व कॅव्हिटींसाठी' असा दुसरा, एवढी भर घालता येईल का, ते कृपया कळवावं. रकान्यांचा मसुदा करून द्यायला आमच्यापैकी कोणीही तयार होईल.

आपला,
थर चढवणाऱ्यांपैकी एक